‘लग्झ्युरिअसली’ पाच वेळा आलंय, आता काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांचं तारकर्लीला आठ खोल्यांचं रिसॉर्ट आहे. त्याच्या वेबसाइटचा इंग्रजी मजकूर तुम्ही लिहिताय. पहिल्याच पानावर ‘लग्झ्युरिअसली’ पाच वेळा आलंय आणि मामा म्हणतात, शब्द बदल. म्हणून तुम्ही चाळीस समानार्थी क्रियाविशेषणांची यादी काढलीत आणि विचारताय, यातली कुठली कुठेही चालतील?

कुठेही चालणारं एकही नाही. यादी फेकू नका, पण तिच्यातून आलटून पालटून शब्द उचलायचे हा बेत सोडा. मी बावीस वर्षं हॉटेलांची माहितीपत्रकं, बिल्डरांची ब्रोशर, मेनूकार्डं आणि साड्यांचे कॅटलॉग यांचं इंग्रजी तपासते. या कामात शब्द कमी पडला म्हणून अडलेला माणूस मला क्वचितच भेटला. अडतं ते दुसरीकडेच. आपल्याला नक्की कशाचं कौतुक करायचंय हे ठरलेलं नसतं. पैसा ओतलाय त्याचं? गादी मऊ आहे त्याचं? खोली ऐसपैस आहे त्याचं? की चार वस्तू नीट पारखून ठेवल्यात त्याचं? मराठीत या चार गोष्टींना आपण चुकूनही एक शब्द वापरत नाही. इंग्रजीत लिहायला बसलो की मात्र चारहींवर ‘लग्झ्युरिअसली’चा एकच शिक्का मारतो.

आधी एक कबुली. मजकूर कोण वाचणार यावर यातलं बरंचसं अवलंबून आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे इंग्रजी वेबसाइट वाचतात तेव्हा ‘रॉयली’ वगैरे त्यांना खटकत नाही, लग्नपत्रिकेपासून मेनूकार्डापर्यंत ते त्यांच्या सवयीचं आहे. मोपा विमानतळावर उतरून गोव्याहून वर येणारा इंग्रज किंवा जर्मन पाहुणा तेच वाचून गालात हसेल. कथा लिहायची असती तर माझं उत्तर वेगळं असतं, परीक्षेचा निबंध असता तर आणखी वेगळं. मी इथे धरून चालते की खोली विकायची आहे आणि वाचणारा दोन्हीपैकी कुणीही असू शकतो.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ती तुम्हाला मराठीतूनच सापडेल. ‘ते ऐषारामात राहतात’, ‘लग्न थाटात झालं’, ‘चैनीत दिवस काढले’. या सगळ्यांच्या शेवटी काय आहे? ‘-त’. ‘आलिशानपणे राहतात’ किंवा ‘विलासीरीत्या राहतात’ असं कुठलाही जिवंत मराठी माणूस बोलत नाही. इंग्रजीचंही अगदी तसंच आहे. ‘दे लिव्ह लग्झ्युरिअसली’ हे चूक नाही, पण सहज बोलणारा म्हणतो ‘दे लिव्ह इन लग्झरी’. प्रवास ‘इन कम्फर्ट’ होतो, आगमन ‘इन स्टाइल’ होतं, लाडाकोडात वाढलेला मुलगा ‘इन द लॅप ऑफ लग्झरी’ वाढतो. म्हणून माझा साधा नियम: मराठीत मनात ‘-त’ आला, की इंग्रजीत आधी ‘इन’ लावून बघा. तुमच्या पाचांपैकी दोन ‘लग्झ्युरिअसली’ इथेच गळतील. ‘यू कॅन लग्झ्युरिअसली रिलॅक्स’ हे तर मला शासकीय परिपत्रकाच्या भाषांतरासारखं वाटलं. त्याचं ‘रिलॅक्स इन कम्फर्ट’ करा आणि पुढे चला.

मग ‘-ली’वाले शब्द लागतात तरी कुठे? मुख्यतः ‘डेकोरेटेड’, ‘फर्निश्ड’, ‘कार्पेटेड’, ‘ड्रेस्ड’ अशा, ‘केलेलं’ सांगणाऱ्या शब्दांच्या आधी. आणि इथेच प्रत्येक क्रियाविशेषणाची आपापली सोयरीक ठरलेली असते.

‘लॅव्हिशली’ घ्या. जुन्या फ्रेंचमध्ये ‘लाव्हास’ म्हणजे धो धो पाऊस, त्याच्याही मागे ‘धुणे’ या अर्थाचं लॅटिन क्रियापद. म्हणजे आपलं ‘पाण्यासारखा पैसा ओतणे’ तेच. त्यामुळे ‘लॅव्हिशली’ कायम प्रमाणाबद्दल बोलतं: भरपूर, सढळ हाताने, मोजदाद न ठेवता. पाहुण्यांचं आदरातिथ्य लॅव्हिशली होतं, पैसा लॅव्हिशली खर्च होतो, पानोपानी चित्रं असलेलं पुस्तक ‘लॅव्हिशली इलस्ट्रेटेड’ असतं. तुम्ही जोडलेल्या फोटोत एक लाकडी पलंग, एक वेताची खुर्ची, भिंतीवर सावंतवाडीच्या गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची, एक चौकट आणि खिडकीबाहेर सुरूची झाडं आहेत. सुंदर खोली आहे. पण ‘लॅव्हिशली डेकोरेटेड’ वाचून आलेला पाहुणा उरलेली सजावट शोधत बसेल.

‘सम्प्चुअसली’ हा खर्चाचा शब्द. लॅटिन ‘सम्प्टस’ म्हणजे खर्च. याच मुळातून इंग्लंडमधल्या ‘सम्प्चुअरी’ कायद्यांचं नाव आलं. कुणी कुठलं कापड आणि कुठली फर अंगावर घालायची हे ते ठरवून देत. 1574 साली पहिल्या एलिझाबेथ राणीने काढलेल्या फर्मानात जांभळं रेशीम आणि सोनेरी जरीचं कापड राजघराण्यासाठी आणि वरच्या सरदारांसाठी राखून ठेवलं होतं. हे कायदे 1604 मध्ये रद्द झाले. शब्दाला मात्र तो कापडाचा आणि ताटाचा वास राहिला. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये लाझारसच्या गोष्टीतला श्रीमंत माणूस जांभळी वस्त्रं नेसतो आणि रोज ‘सम्प्चुअसली’ जेवतो. आजही हा शब्द जेवणाला आणि पडदे, रजया, मखमल यांना शोभतो. मराठीत जेवणाच्या बाबतीत त्याच्या सर्वांत जवळ ‘साग्रसंगीत’ जातो. पण लक्षात घ्या, साग्रसंगीतमध्ये विधी आहे, पानाची डावी-उजवी बाजू आहे. सम्प्चुअसमध्ये नुसती किंमत आणि रेलचेल.

‘ऑप्युलन्टली’ हा पैसा दिसण्याचा शब्द. लॅटिन ‘ऑप्स’ म्हणजे संपत्ती, सामर्थ्य, आणि ऋग्वेदातला ‘अप्नस्’ हा धनवाचक शब्द त्याचाच भाऊबंद. हा कुठे बसतो ते ग्वाल्हेरला कळतं. जयाजीराव शिंद्यांनी 1874 मध्ये बांधलेल्या जयविलास महालाच्या दरबार हॉलमध्ये दोन झुंबरं आहेत, एकेक साडेतीन टनांचं. छत हे वजन पेलेल का, हे बघायला आधी त्यावर दहा हत्ती चढवले होते असं तिथे सांगतात. तो दरबार हॉल ‘ऑप्युलन्टली डेकोरेटेड’ म्हणा, शब्द कमी पडला तर पडेल. भोजनगृहात टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची छोटी आगगाडी आहे, ती पाहुण्यांपर्यंत ब्रँडी आणि सिगार पोचवायची. ती गाडी ‘ऑप्युलन्ट’पेक्षाही ‘एक्स्ट्रॅव्हगंट’. का, ते पुढे सांगते. तारकर्लीला हा शब्द आणलात तर झुंबर घ्यावं लागेल.

बाकीच्यांचं भराभर. ‘प्लशली’ म्हणजे मऊ, बोट रुतेल असं. मूळ फ्रेंच शब्द केसाळ कापडाचा, म्हणून गालिचा आणि सोफा सोडून कशालाच लावू नका. समुद्रकाठच्या वाळूत गालिचा असेल तर मामांना तो काढायला सांगा. ‘पॅलेशली’त रोमची पॅलटाइन टेकडी आहे, जिथे सम्राटांचे वाडे होते, आणि तो आकाराचा शब्द आहे, बारा बाय चौदाच्या खोलीला तो चालत नाही. ‘एक्स्क्विझिटली’ म्हणजे मुळात ‘शोधून शोधून काढलेलं’. तो बारीक कारागिरीला लागतो, कोरीवकामाला, भरतकामाला. तुमची गंजिफाची पानं ‘एक्स्क्विझिटली पेंटेड’ आहेत, ते बेलाशक लिहा. ‘हॅण्डसमली’ पगाराला, बक्षिसाला आणि चामड्याच्या बांधणीच्या पुस्तकाला. ‘रीगली’ माणसाच्या चालण्या-बसण्याला. ‘रॉयली’ बोली इंग्रजीत ‘पुरतं, साफ’ अशा अर्थीही येतं, बहुधा फजितीबरोबर. ‘यू विल बी रॉयली ट्रीटेड’ वाचून एखाद्याला वाटायचं, इथे आपल्याला पुरतं गंडवणार.

‘रिचली’वर थोडं थांबते, कारण तिथे आपली मंडळी हमखास घसरतात. ‘रिचली’ म्हणजे श्रीमंतीत नव्हे. रंग, पोत, वीण, चव यांच्या दाटपणाला तो लागतो. साड्यांच्या एका कॅटलॉगमध्ये मला ‘रिचली एम्ब्रॉयडर्ड पैठणी’ असं मिळालं होतं. क्रियाविशेषण एकदम बरोबर, पुढचा शब्द साफ चूक. पैठणीच्या पदरावरचे मोर आणि मुनिया हातमागावर विणलेले असतात, त्यावर भरतकाम नसतं. ‘रिचली वोव्हन’ म्हणायला हवं होतं. क्रियाविशेषण निवडायच्या आधी ते ज्याला टेकणार ती गोष्ट खरी आहे का, हे बघावं लागतं ते असं.

आता माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे तुमच्या यादीतला सर्वांत धोक्याचा शब्द कळेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बिल्डरचं ब्रोशर माझ्या हातून गेलं. त्यात ‘लग्झ्युरिअंटली फर्निश्ड बेडरूम्स’ असं होतं आणि मी ते पास केलं. छापून आल्यावर आमच्या ज्येष्ठ संपादकबाईंनी पान माझ्यापुढे ठेवलं आणि शांतपणे विचारलं, ‘बेडरूममध्ये काय उगवलंय गं?’ ‘लग्झ्युरिअंट’ म्हणजे दाट माजलेलं: झाडोरा, वेली, केस, दाढी. ‘लग्झ्युरिअस’ म्हणजे सुखासीन. दोन्हींचं मूळ एकच. लॅटिन ‘लक्सुरिया’ म्हणजे अतिरेक, माज. रान माजतं आणि माणूसही माजतो, मराठीतही क्रियापद एकच आहे बघा. मध्ययुगीन इंग्रजीत तर ‘लग्झरी’चा अर्थ कामवासना असा होता, ‘महागड्या सुखसोयी’ हा अर्थ नंतरचा. हे ज्ञान मला त्या दिवशी संध्याकाळी शब्दकोशातून झालं, छापलेल्या प्रतींना त्याचा उपयोग नव्हता. तुमच्या माडाच्या बागेला मात्र ‘लग्झ्युरिअंटली ग्रीन’ खुशाल म्हणा.

या घराण्यात निंदेचाही एक कोपरा आहे, तो ओळखून ठेवा. ‘एक्स्ट्रॅव्हगंटली’ म्हणजे मर्यादेबाहेर भटकणारं, आपल्याकडचं ‘उधळेपणाने’. चांदीची आगगाडी त्यात बसते. तिच्याकडे बघताना कौतुक आणि ‘काय ही उधळण!’ दोन्ही एकदम मनात येतात. पण ‘एक्स्ट्रॅव्हगंटली प्राइस्ड’ म्हणजे नुसतं ‘अव्वाच्या सव्वा दर’, आणि ही स्तुती समजून लिहिणारे मी पाहिलेत. ‘ऑस्टेन्टेशसली’ म्हणजे डामडौलाने, लोकांनी बघावं म्हणून. लेखक दुसऱ्याच्या घराबद्दल वापरतो, स्वतःच्या कधीच नाही. ‘डेकडंटली’च्या मुळाशी ऱ्हास आहे, तरी आज तो चॉकलेट केकवर निमूट बसलाय. पदार्थ गोड आणि चांगलाच जड असेल तर चालतो. सोलकढीला नको.

याच्या उलट बाजूला दोन गुणी शब्द आहेत, ज्यांना यादीत कुणी विचारत नाही. ‘टेस्टफुली’ आणि ‘कम्फर्टेबली’. पहिला सांगतो की निवड करणाऱ्याला नजर आहे. दुसरा फार प्रामाणिक आहे. ‘कम्फर्टेबली ऑफ’ म्हणजे आपलं ‘खाऊनपिऊन सुखी’. ‘द रूम स्लीप्स थ्री कम्फर्टेबली’ म्हणजे तिघांना कोपर न लागता झोपता येईल. पोरंबाळं घेऊन येणाऱ्या कुटुंबाला हे एक वाक्य ‘ऑप्युलन्ट’च्या दहा वाक्यांपेक्षा उपयोगाचं. सुखाची भावना सांगायची असेल तर विशेषणाआधी लागणारेही काही शब्द आहेत: ‘ब्लिसफुली क्वाएट’, ‘डिलिशसली कूल’. भर एप्रिलात दुपारी चिऱ्याच्या भिंतींच्या खोलीत शिरल्यावर जे वाटतं ते ‘डिलिशसली कूल’. तुमच्या जागेला मी हेच देईन.

व्याकरणाचे दोन काटे आहेत, ते काढून टाकू. शेवटी ‘-ली’ दिसलं म्हणून शब्द क्रियाविशेषण होत नाही. ‘कॉस्टली’, ‘स्टेटली’, ‘प्रिन्सली’, ‘होमली’ ही सगळी विशेषणं आहेत. ‘प्रिन्सली सम’ होतं, ‘प्रिन्सली पेड’ होत नाही. ‘होमली’ तर जास्तच बेभरवशाचा. ब्रिटिश वाचकाला तो साधा, घरगुती वाटतो. अमेरिकनाला तो दिसायला यथातथा अशा अर्थाचा आहे. आपल्याकडे विवाहविषयक जाहिरातींत तो वर्षानुवर्षं मुलींसाठी वापरला गेला, त्या जाहिराती अमेरिकेतल्या स्थळांनी वाचल्या असतील तेव्हा काय झालं असेल देव जाणे. तुमच्या पानावर ‘होमली फूड’ आहे, त्याचं ‘होम-कुक्ड’ करा. दुसरा काटा जोडरेषेचा. ‘-ली’ने संपणारं क्रियाविशेषण आणि त्याच्या पुढचा शब्द यांच्यात जोडरेषा येत नाही. ‘टेस्टफुली फर्निश्ड रूम’ सुटंच लिहायचं. ‘वेल-अपॉइंटेड रूम’मध्ये ती येते, कारण ‘वेल’ला ‘-ली’ नाही.

जाता जाता ‘पॉश’बद्दल, कारण मामांनी तो सुचवलाय असं तुम्ही लिहिलंय. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, म्हणजे मुंबईला येताना बोटीची डावी आणि परतताना उजवी बाजू, सावलीतल्या महाग केबिनी, त्यांच्या तिकिटावरचा शिक्का म्हणजे ‘पॉश’, ही गोष्ट फार रंगवून सांगतात. मीही कॉलेजात सांगायचे. तसं तिकीट कधी कुणाला सापडलेलं नाही. आणि ब्रिटनमध्ये ‘पॉश’ शब्दाला वर्गभेदाचा वास आहे, चिडवण्यातही येतो. आपल्या ‘पॉश एरिया’इतका निरागस तो तिथे नाही. बोलण्यात राहू द्या, वेबसाइटवर नको.

आता तुमचं मूळ वाक्य. ‘अवर लग्झ्युरिअसली डेकोरेटेड रूम्स ऑफर अ लग्झ्युरिअस स्टे व्हेअर यू कॅन लग्झ्युरिअसली रिलॅक्स अँड एन्जॉय लग्झ्युरिअस सीफूड.’ मी ते असं करीन: ‘अवर एट रूम्स आर टेस्टफुली फर्निश्ड, डिलिशसली कूल इन समर, अँड टू मिनिट्स फ्रॉम द सी.’ पुढे वेगळं वाक्य: ‘ईच स्लीप्स थ्री कम्फर्टेबली.’ दोन मिनिटं मी अंदाजाने लिहिलीत, तुम्ही स्वतः चालून मोजा आणि खरी असतील तेवढीच टाका. सजावटीला एक शब्द, गारव्याला एक, झोपण्याला एक. बाकीची जागा खोल्यांचा आकडा आणि समुद्राचं अंतर यांनी घेतली, कारण आरक्षण करणारा तेच शोधत असतो. ‘लग्झ्युरिअसली’ एकदाही लागलं नाही. मामांना अगदीच हवं असेल तर गाद्यांसाठी एक ठेवा, ‘लग्झ्युरिअसली सॉफ्ट’ हे इंग्रजीत छान बसतं. मात्र गाद्या खरंच मऊ हव्यात, कापसाच्या असतील आणि पाठीला लागत असतील तर तोही काढा.

जेवणाचं वाक्य मी मुद्दाम अर्धवट सोडलंय. ‘लग्झ्युरिअस सीफूड’ खोडा, पण तिथे ‘सम्प्चुअस’ही घालू नका. तिथे सुरमई, तिसऱ्या, बांगडा यांची नावं लिहा, मासा सकाळी कुठून येतो ते लिहा, आणि रांधतं कोण ते लिहा. मामी रांधत असतील तर तसंच लिहा. ते परिच्छेद झाले की इथेच टाका, बघते.